मृत्यूचे शास्त्र

मासळी म्हटली की आमच्या वाचकांना बाजार आणि ताट आठवावे, हे स्वाभाविकच. परंतु गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील ओढ्यांत व भातखाचरांत वावरणारा, जेमतेम दीड इंचाचा पट्टेरी झेब्रा मासा आज जगभर जन्ममरणाचा पाठ शिकवीत आहे. त्याला हे स्थान मिळवून दिले अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी. त्यांचा पायाभूत निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला.

या माशाचा गर्भ पारदर्शक असतो. फलनानंतर पाऊण तासात एका पेशीच्या दोन होतात. मग काही काळ दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. अहोरात्रात हृदय धडधडू लागते. मात्र या घडणीतच काही पेशी नेमल्या वेळी मरतात, आणि म्हणूनच अवयव सुघड होतात. मरण्याचे नाकारून अनिर्बंध वाढणाऱ्या पेशींनाच आपण कर्करोग म्हणतो. मृत्यू हा जीवनाचा केवळ शेवट नव्हे, तो त्याचा कारागीरही आहे.

याचा सामान्यांना उपयोग काय? उतारवयात झिजणाऱ्या मणक्यांतील चकत्यांच्या पुनर्निर्मितीस साहाय्यक ठरणारे जनुक याच माशात आढळल्याचा निबंध पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२३ साली प्रसिद्ध केला.

अमरत्वाची हाव शास्त्राने धरू नये. वार्धक्य सुसह्य करावे. आणि राज्यकर्त्यांनी मूलभूत संशोधनाकडे तत्काळ लाभाचा हिशेब मागू नये. आमच्याच नद्यांतील माशाचे ज्ञान आम्ही सदैव परक्यांकडून उसने घ्यावे, हे खचितच भूषणावह नाही.