गणित पक्के, तरी तोटा का? शेअर बाजाराविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

गणित पक्के असले की ट्रेडिंग जमते, हा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमधला सर्वांत चिवट गैरसमज. सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अभ्यास वेगळेच सांगतो. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. खर्च धरून सरासरी तोटा सुमारे दोन लाख रुपये. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर ट्रेडिंग करणाऱ्या संस्था आणि परदेशी गुंतवणूकदार मात्र नफ्यात होते, आणि त्यांचा ९५ टक्क्यांहून अधिक नफा अल्गोरिदमवर चालणाऱ्या व्यवहारांतून आला.

यावरून दुसरा गैरसमज जन्मतो: पायथन येते, तर अल्गोरिदम आपणही लिहू. लिहिता येतो, यात शंका नाही. अडचण पुढे आहे. जुन्या भावांवर शंभर नियम तपासले, तर त्यांतला एकही खरा नसताना पाच टक्क्यांच्या सांख्यिकी कसोटीला सुमारे पाच नियम निव्वळ योगायोगाने उतरतात. विद्यार्थी नेमका त्यांतलाच एक निवडतो आणि बॅकटेस्टचा चढता आलेख पाहून खूश होतो. प्रयोगशाळेतली तुळई मोजणाऱ्याकडे पाहून वागणे बदलत नाही. बाजारात मात्र एखादा नियम अनेकांना उमगला की त्यातला फायदा आटतो. शिवाय ब्रोकरेज, एसटीटी (रोखे व्यवहार कर) आणि ठरवलेल्या व मिळालेल्या भावातला फरक बॅकटेस्टमध्ये बहुधा धरलेलाच नसतो. वेगाची स्पर्धा तर सोडूनच द्यावी: मोठ्या संस्थांचे सर्व्हर एक्स्चेंजच्याच डेटा सेंटरमध्ये असतात.

ऑप्शन थोड्या पैशांत मिळतो म्हणून जोखीम थोडी, हेही खरे नाही. घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरता असतो, पण मुदत संपेपर्यंत तो सगळा प्रीमियम शून्य होऊ शकतो. निम्मे भांडवल गेले की मूळ आकड्यावर यायला उरलेले दुप्पट करावे लागते.

गुंतवणुकीला मात्र मोठी रक्कम लागत नाही. इंडेक्स फंडाची एसआयपी पाचशे रुपयांतही सुरू होते. तिच्यात थरार नाही, हीच तिची जमेची बाजू.

तोटा झाल्यास प्राप्तिकर विवरणपत्र नको, असेही अनेकांना वाटते. फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा आठ वर्षे आणि इंट्राडेचा चार वर्षे पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच.

शिकण्यासाठी महागडा कोर्सही अनिवार्य नाही: सेबी आणि रोखे बाजाराचे शिक्षण देणारी एनआयएसएम ही संस्था यांची गुंतवणूकदार प्रमाणपत्र परीक्षा विनामूल्य आहे.