सुई थांबल्यावर पुढे काय?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आता आमच्या नेपानगरपर्यंत पोहोचली आहे. तिर्झेपाटाइड हे औषध ‘माउंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आलं आणि सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने त्याच वर्षी जूनमध्ये. वजन किती उतरतं हे सगळेच सांगतात. पण औषध बंद केल्यावर काय? माझ्या मावशीला दर महिन्याचा खर्च झेपेना, म्हणून डॉक्टरांशी बोलून तिने सुई थांबवायचं ठरवलं. तेव्हा मी या विषयावर वाचायला घेतलं. जे समजलं ते इथे मांडते.

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला ‘आता पुरे’ असं सांगतं आणि पोट सावकाश रिकामं होऊ देतं. हे संप्रेरक काही मिनिटांतच नाहीसं होतं. ही औषधं त्याचंच काम करतात, पण आठवडाभर टिकतात. म्हणून आठवड्याला एकच सुई. सुई थांबली की काही आठवड्यांत औषध शरीरातून निघून जातं आणि भूक परत येते.

त्यात शरीराची स्वतःची खोड असते. वजन उतरलं की त्याला वाटतं, दुष्काळ पडला! २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात, आहार कमी करून वजन उतरवलेल्या लोकांची भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही पूर्ववत झालेली नव्हती.

म्हणूनच आकडे बोलके आहेत. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १७ टक्के वजन उतरलं. मग औषध आणि आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दोन्ही थांबवलं. वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं. म्हणजे १०० किलोचा माणूस ८३ वर आला आणि पुन्हा ९४ च्या आसपास गेला.

मग वजन टिकवायचं कसं? इथे पुण्याची एक गोष्ट उपयोगी पडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! आपण भारतीय बारीक दिसलो तरी चरबी जास्त आणि स्नायू कमी, असा त्याचा अर्थ. औषधाने वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात आणि वजन परत येतं तेव्हा बहुतेक चरबीच येते. आधीच स्नायू कमी असलेल्यांना हा सौदा महागात पडतो. तेव्हा काट्यावरच्या आकड्याइतकीच काळजी स्नायूंची घ्यायला हवी, आणि तीही सुई चालू असल्यापासून.

कोपनहेगनमधल्या एका चाचणीत लिराग्लुटाइड या औषधासोबत काहींनी वर्षभर नियमित व्यायाम केला होता. दोन्ही थांबल्यावर पुढच्या वर्षात त्यांचं वजन, नुसतं औषध घेतलेल्यांपेक्षा कमी वाढलं.

यासाठी जिमच पाहिजे असं नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खुर्चीवरून उठबस, जिना, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, एवढ्यानेही सुरुवात होते. मिलच्या वसाहतीतले झाडांखालचे रस्ते चालायला फुकट आहेत. ताटात रोज डाळ, उसळ, दही किंवा अंडी हवीत. बुऱ्हाणपूरची मावा जिलेबी सणावारी खावी, पण रोज नको. आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी वजन करावं. दोन-तीन किलो वाढलं की लगेच डॉक्टरांकडे जावं, दहा किलोची वाट पाहू नये. सुई कधी आणि कशी थांबवायची, हेही त्यांनाच विचारावं. मधुमेह असेल तर नक्कीच.

काहींना एवढं करूनही औषध पुन्हा घ्यावं लागतं. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वाढलं, तर आपण कुणाला आळशी म्हणतो का? मग लग्नकार्यात भेटलेल्या मावशी-काकूंना “अगं बाई, परत जाड झालीस!” असं तरी का म्हणायचं? त्यापेक्षा “चला, संध्याकाळी फिरायला जाऊ” म्हणावं. वजन टिकवायला अशी सोबत जास्त कामाची आहे.