नौकेवरच्या विजेचा हिशेब

अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून, कुठल्याही बंदरात न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली तेव्हा त्या कौतुकात वाऱ्याचा आणि शिडाचा उल्लेख वारंवार झाला. विजेविषयी फारसे कोणी विचारले नाही. वास्तविक शिडाची नौका वाऱ्यावर चालत असली, तरी तिच्यावरचे दिवे, वायरलेस, जीपीएस आणि स्वयंचलित सुकाणू यांना वारा पुरत नाही. त्यांना बॅटरी लागते.

नौकेवर दोन स्वतंत्र बॅटऱ्या असाव्यात, हा पहिला दंडक. एक इंजिन सुरू करण्यासाठी, तर दुसरी संसारासाठी. हिलाच 'हाऊस बॅटरी' म्हणतात. इंजिनाच्या बॅटरीत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. ती काही क्षण प्रचंड प्रवाह देते आणि लगेच पुन्हा भरली जाते. संसाराच्या बॅटरीला मात्र तासन् तास थोडी थोडी वीज पुरवायची असते, म्हणून तिच्या पट्ट्या जाड हव्यात. मोटारीची बॅटरी स्वस्त पडते म्हणून हे काम तिच्यावर सोपवले, तर ती लवकरच निकामी होते. दोन्ही कामे एकाच बॅटरीवर ठेवण्यात तर धोकाच आहे. रात्रभर पंखा आणि फ्रिज चालला, पहाटे वारा पडला आणि भरतीचा ओढ खडकांकडे नेऊ लागला, की इंजिनाची चावी फिरवूनही नुसती 'टक्' ऐकू येते.

निवडीपूर्वी चोवीस तासांचा खर्च मांडावा. फ्रिजला सुमारे ५० अँपिअर-तास, स्वयंचलित सुकाणूला २५, दिवे, पंखे व उपकरणांना आणखी २५, अशी बेरीज १०० झाली असे समजू. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. म्हणजे २०० अँपिअर-तासांची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येत असल्याने १२५ पुरते आणि वजनही बरेच कमी होते. मात्र ती महाग असते. शिवाय तिची रक्षक यंत्रणा चार्जिंग एकाएकी तोडू शकते, आणि त्यात इंजिनावरचा अल्टरनेटर जळू शकतो. जुन्या जोडणीत नुसती बॅटरी बदलून भागत नाही, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

शिसे-आम्लाची बॅटरी अर्धवट भरलेली राहिली, की पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि क्षमता घटत जाते. इंजिन तासभर चालवून ती पूर्ण भरत नाही. शेवटचे वीस टक्के फार सावकाश भरतात. तेथे सौर पॅनेल उपयोगी पडते. काही तास विसावलेल्या बॅटरीचा दाब १२.७ व्होल्ट असेल तर ती भरलेली, १२.२ असेल तर जवळपास निम्मी. पाण्याच्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड पाणीच घालावे. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून कप्प्यात हवा खेळती हवी. आणि समुद्राचे पाणी आम्लात शिरले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो; तेव्हा बॅटरी तळातल्या साचलेल्या पाण्यापासून उंच व घट्ट बांधलेली असावी.

कोकणात पावसाळ्यात नौका शाकारून ठेवतात. त्या महिन्यांत न वापरलेली बॅटरीही आपोआप उतरत जाते. त्यामुळे तिच्या तारा सोडवून, खोके पुसून, ती घरी आणावी आणि महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी.