वेल्डिंगची नळी आणि दोन धातूंची जोडी

मी रायपूरहून बोलतोय. इथल्या उरला-सिलतरा औद्योगिक पट्ट्यात मरून रंगाचे सिलिंडर जागोजागी दिसतात. त्यांत असतो ॲसिटिलीन, सर्वांत साधा अल्काइन. त्याच्या दोन कार्बन अणूंमध्ये तिहेरी बंध असतो.

हा वायू तांब्याच्या नळीतून नेत नाहीत. का? ॲसिटिलीनमधल्या हायड्रोजनची जागा तांबे घेते आणि कॉपर ॲसिटिलाइड तयार होते. ते सुकले, की नुसत्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. म्हणून फाटलेल्या रबरी नळीला तांब्याचा तुकडा जोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

मग धातूचे आणि अल्काइनचे जमतच नाही का? जमते की! आयआयटी मुंबईत प्रा. प्रदीप माथुर यांच्या गटाने एकाच रेणूत लोखंडासोबत मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन बसवले. हे अणू एकत्र राहावेत म्हणून मध्ये गंधक किंवा सेलेनियम आणि भोवती कार्बन मोनॉक्साइड.

असे शेजारी धातू तिहेरी बंधातले इलेक्ट्रॉन वाटून घेतात. बंध सैल होतो, सरळ रेणू वाकतो आणि दुसऱ्या अल्काइनच्या तुकड्याशी जुळतो. कार्बनची साखळी वाढते. दोन वेगळ्या धातूंची ओढ सारखी नसते, त्यामुळे धातू बदलला की कधी जोडणीही बदलते.

तेव्हा प्रश्न धातूचा नाही, तो अल्काइनला कसा धरतो याचा आहे. आणि हो, उद्या वेल्डिंगच्या दुकानात गेलात, तर नळीचा जोड कशाचा आहे तेवढे नक्की पाहा.