सेकंडहँड हायब्रिड : भीती बॅटरीची, धोका भलतीकडेच

जुनी लक्झरी हायब्रिड घ्यायचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी विचारणारच, "आणि बॅटरी गेली म्हणजे?" या प्रश्नाचं एक झकास उत्तर २०११ साली अमेरिकेत मिळालं. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही तिथली ग्राहकांसाठी काम करणारी जुनी संस्था. तिने २००२ सालची एक टोयोटा प्रियस मिळवली. रनिंग २ लाख ६ हजार मैल, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्याही पुढे. दहा वर्षांपूर्वी नव्या कोऱ्या प्रियसवर घेतलेल्या चाचण्या संस्थेने या म्हाताऱ्या गाडीवर पुन्हा घेतल्या. नव्या गाडीने गॅलनला ४०.६ मैल दिले होते, जुनीने ४०.४ दिले. आपल्या भाषेत ॲव्हरेज लिटरला १७.३ वरून १७.२ किलोमीटरवर आलं!

यामागे गाडीच्या कॉम्प्युटरची शिस्त आहे. टोयोटा आणि लेक्ससच्या साध्या हायब्रिडमध्ये तो बॅटरी कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी तळाला जाऊ देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यातच ती खेळत राहते. भारतात टोयोटा हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते, ती याच भरवशावर. म्हणून बॅटरीला घाबरून चांगली गाडी सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या हायब्रिडमध्ये माणूस फसतो तो पाण्यात, कागदपत्रांत आणि मागच्या सीटजवळच्या एका जाळीत.

जाळीपासून सुरुवात

कॅमरी हायब्रिड किंवा लेक्सस ईएस ३००एच बघायला गेलात तर आधी मागच्या सीटजवळ जा. मोठी बॅटरी मॉडेलप्रमाणे मागच्या सीटच्या पाठीमागे किंवा सीटखाली असते. तिला थंड ठेवायला एक पंखा असतो आणि तो केबिनमधली हवा आत ओढतो. त्या हवेची जाळी सीटच्या बाजूला, खाली किंवा मागच्या काचेजवळच्या फळीवर असते. जाळीत धूळ, कुत्र्याचे केस, मुलांच्या वेफर्सचा चुरा साचला किंवा हौसेने बसवलेल्या सीट कव्हरने ती झाकली गेली, की बॅटरी तापू लागते. सव्वातीन लाख किलोमीटर टिकणारी वस्तू अशी अवेळी मरते.

म्हणजे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात एसी लावला की प्रवाशांबरोबर बॅटरीलाही गारवा मिळतो. विदर्भातली गाडी घेत असाल तर तिच्या सर्व्हिस बिलांत पंख्याची किंवा त्याच्या फिल्टरची सफाई कधी झाली ते जरूर शोधा. हे काम स्वस्तातलं आहे. ज्या मालकाने ते वेळेवर करून घेतलंय त्याने बाकीची गाडीही जपलेली असते, असा माझा विश्वास आहे.

छोटी बॅटरी, मोठा घोळ

या गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. मोठीचं गणित छान आहे : १.२ व्होल्टचे २०४ सेल, एकूण २४४.८ व्होल्ट. दुसरी आपली नेहमीची १२ व्होल्टची, या दोन्ही गाड्यांत डिकीत ठेवलेली. गंमत अशी की गाडीला जाग आणायचं काम या धाकटीचं. ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही. डॅशबोर्ड अंधारलेला बघून गिऱ्हाईक घाबरतं आणि 'हायब्रिड बॅटरी गेली' अशी आवई उठते. अशा वेळी आधी १२ व्होल्टची बॅटरी तपासायची.

त्यामुळे 'डॉक्टरांची गाडी, फक्त १८ हजार रनिंग' अशा जाहिरातीला लगेच भुलू नका. महिनोन्‌महिने पार्किंगमध्ये उभी राहिलेली हायब्रिड रोज ऑफिसला जाणारीपेक्षा चांगली असेलच असं नाही. उभ्या उभ्या धाकटी बॅटरी मरते, मोठी हळूहळू उतरते. साध्या हायब्रिडला चार्जिंगची वायर नसल्याने ती घरी भरताही येत नाही.

जे नाहीच ते बिघडणार कसं?

टोयोटा-लेक्ससच्या बहुतेक हायब्रिडमध्ये वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. पायऱ्यापायऱ्यांनी बदलणारा गिअरबॉक्सही नाही. दोन मोटर-जनरेटर आणि ग्रहमालेसारखा फिरणारा दातेरी चाकांचा एक संच, एवढ्यावर सगळं भागतं. खंडाळ्याच्या चढावर इंजिन एका सुरात ओरडतं आणि वेग मात्र सावकाश वाढतो, तेव्हा काहीही बिघडलेलं नसतं.

ब्रेक दाबला की आधी मोटर उलटं काम करून वीज तयार करते, त्यामुळे ब्रेक पॅड खूप टिकतात. उलट कोकणातल्या दमट हवेत, वापरच कमी म्हणून डिस्कला गंज धरलेला दिसू शकतो. बॉनेट उघडल्यावर दिसणाऱ्या जाड नारिंगी केबल म्हणजे उच्च दाबाची वीज. त्यांना ओळखीच्या फिटरने हौसेखातरही हात लावू नये. केबलला चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा.

थाट पहिल्यापासूनचा

हायब्रिड म्हणजे काटकसरीची गाडी हा समज नंतरचा. फर्डिनांड पोर्शेने १९०० साली 'सेम्पर व्हिवस' ही हायब्रिड घडवली ती व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत, म्हणजे राजदरबाराला बग्ग्या पुरवणाऱ्या कारखान्यात. पेट्रोल इंजिनांनी वीज तयार करायची आणि पुढच्या चाकांतल्या मोटरींनी गाडी ओढायची, अशी तिची रचना. पोर्शे कंपनीने २०११ मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती बांधली आणि ती चालते!

त्याच २०११ मध्ये मोनॅकोच्या राजपुत्राच्या लग्नात नवदांपत्य फिरलं ते लेक्सस एलएस ६००एच एल या हायब्रिडमधून. छप्पर कापून, पारदर्शक घुमट बसवून ही एकच गाडी खास तयार केली होती.

आपल्याकडचा मान मुंबईला. फेब्रुवारी २०१५ मध्ये बीएमडब्ल्यू आय८ भारतात आली ती सचिन तेंडुलकरच्या हस्ते. किंमत २ कोटी २९ लाख, दारं पंखासारखी वर उघडणारी आणि मागे इंजिन अवघं दीड लिटरचं, तीन सिलिंडरचं! पुढच्याच वर्षी व्होल्वोने एक्ससी९० टी८ एक्सलन्स आणली. एवढ्या अवाढव्य एसयूव्हीत सीट फक्त चार, मागे छोटा फ्रिज आणि ऑरेफोर्स या स्वीडिश काचकारखान्याचे क्रिस्टल ग्लास. किंमत सव्वा कोटी. अशी गाडी जुन्या बाजारात दिसली तर ग्लास बघून विरघळू नका, चार्जिंग केबल मागा. ही प्लग-इन, म्हणजे वायर लावून बाहेरून चार्ज करायची हायब्रिड आहे. केबल नसेल किंवा मालकाने ती कधी वापरलीच नसेल, तर विजेवर चालणारा भाग धड आहे की नाही हे कळणार कसं?

'हायब्रिड' बिल्ल्याची फसवणूक

जुन्या बाजारात हायब्रिडचा बिल्ला दोन अगदी वेगळ्या गाड्यांवर असतो. स्ट्राँग हायब्रिड इंजिन बंद ठेवून निव्वळ विजेवर पळू शकते. माइल्ड हायब्रिडमधली छोटी मोटर इंजिनाला फक्त टेकू देते. अनेक जर्मन लक्झरी गाड्यांत ४८ व्होल्टची माइल्ड यंत्रणा असते. गाड्या उत्तम आहेत, पण इंजिन बंद ठेवून हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सरकण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये. केंद्र सरकारने २०१७ मध्ये माइल्ड हायब्रिडचं अनुदानच काढून घेतलं होतं. विक्रेत्याला एकच विचारा, "इंजिन बंद ठेवून चालवून दाखवता?"

पाणी

इथे मात्र अजिबात दया नको. मुंबईत २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, चेन्नई २०१५ मध्ये बुडाली, कोल्हापूर-सांगलीत २०१९ चा पूर आला. बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून, पॉलिश करून दुसऱ्या शहरांत विकल्या जातात. पेट्रोल गाडीत शिरलेलं पाणी वाईटच. पण जिची मोठी बॅटरी मागच्या सीटपाशी, खालच्या बाजूला आहे, त्या गाडीत गुडघाभर पाणीसुद्धा फार महागात पडतं.

तपासणी कुणालाही जमेल अशी आहे. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाळाची रेघ बहुतेक वेळा तिथेच सापडते, कारण धुणारा तेवढं ओढत नाही. सीटखालच्या रुळांवर गंज आहे का बघा, स्टेपनीची खोबण चाचपा, मॅट उचलून वास घ्या. अत्तराचा घमघमाट असेल तर जास्त बारकाईने बघा. गाडीचा जुना इन्शुरन्स क्लेमही विचारून घ्या.

दिल्लीची स्वस्त गाडी

दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधन आलं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केलं. पुढे त्यात बदल होत गेले, पण त्या भीतीने तिथल्या लक्झरी गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या. गाडी पुण्यात आणून कायमची वापरायची तर मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो आणि आधी भरलेल्या टॅक्सचा परतावा मूळ राज्याकडे मागावा लागतो. दुसऱ्या राज्याच्या नंबरावर इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवता येत नाही.

उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. या सवलतीत घेतलेली गाडी इकडे स्वस्त वाटेल. पण तिथे कर भरलेलाच नाही, तर परतावा कसला? इथला टॅक्स मात्र भरावाच लागेल. हा आकडा भावात मिसळल्याशिवाय दोन गाड्यांची तुलना करू नका.

नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म ३५. थकलेली ई-चलनं आधी विक्रेत्याकडून भरून घ्या. पॉलिसी आपल्या नावावर करायला चौदा दिवस मिळतात. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे 'इन्शुरन्स पन्नास टक्के बोनसवाला' ही बढाई तुमच्या उपयोगाची नाही.

मंगोलियात मात्र चंगळ

मंगोलियाच्या उलानबातरमध्ये थंडी उणे ३० अंशांच्याही खाली जाते आणि रस्ते जुन्या प्रियसने भरलेले असतात. हायब्रिडला तिथे मिळालेल्या करसवलतीमुळे जपानच्या जुन्या गाड्या तिकडे लोटल्या. श्रीलंका आणि न्यूझीलंडमध्येही जपानच्या सेकंडहँड हायब्रिड सर्रास दिसतात. भारतात मात्र जुनी गाडी आयात करण्याची वाट फार अरुंद आहे : गाडी तीन वर्षांच्या आतली हवी, स्टिअरिंग उजवीकडे हवं, उतरवायची मुंबई बंदरातच आणि वर जबर कर. म्हणून आपल्या बाजारात निवड आहे ती इथेच विकल्या गेलेल्या मोजक्या मॉडेलांची.

भावताव करताना

देशात विकली गेलेली पहिली हायब्रिड होंडा सिव्हिक, २००८ ची, किंमत साडेएकवीस लाख. त्याच वर्षी कंपनीने सुमारे आठ लाखांची सूट दिली आणि गाड्या पटापट संपल्या. लेक्सस ईएस ३००एच जुलै २०१८ मध्ये ५९ लाख १३ हजारांना आली. जानेवारी २०२० पासून ती बेंगळुरूजवळच्या बिडदीत बनू लागली आणि किंमत ५१ लाख ९० हजारांपासून सुरू झाली. २०१८ ची गाडी विकणारा 'मी साठ लाख मोजलेत' म्हणाला, तर हा दुसरा आकडा नम्रपणे पुढे ठेवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिडवरचा एकूण कर ४३ वरून ४० टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली यायला हवा. डीलरकडून जुनी गाडी घेतली तर १८ टक्के जीएसटी लागतो तो फक्त त्याच्या नफ्यावर. मालकाकडून थेट घेतली तर तोही नाही.

मग घ्यावी कुठली?

माझी पसंती बिडदीत बनलेल्या कॅमरी हायब्रिडला, आणि खिसा परवानगी देत असेल तर २०२० नंतरच्या ईएस ३००एचला. दोन्हींची यंत्रणा एकाच घराण्यातली आणि वर्षानुवर्षांची पारखलेली आहे. टोयोटा व्हेलफायर सुंदर आहे, पण २०२० मध्ये साडे-एकोणऐंशी लाखांना आलेली ही गाडी नव्या अवतारात सुमारे १ कोटी २० लाखांवर गेली, त्यामुळे जुनीचे मालकही ताठ असतात. आय८ किंवा टी८ एक्सलन्स शौकासाठी खुशाल घ्या, फक्त शेजारच्या शहरात तिचं सर्व्हिस सेंटर आहे ना, हे आधी बघा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी सुरू करून ठेवू नका असं मालकाला सांगून जा, म्हणजे थंड इंजिन कसं उठतं ते कळेल. मग अर्धा तास ट्रॅफिकमधून चालवा आणि इसार देण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मोठ्या बॅटरीची तपासणी करून घ्या. तपासणीला मालक किंवा दलाल नाही म्हणाला, तर नमस्कार करून निघा आणि दुसरी गाडी बघा.