सत्तेला वेसण घालणारी पुस्तकं

राजाला हाकलायला अमेरिकेला बंदुका लागल्या. पण राजाच्या जागी येणाऱ्या नव्या सरकारलाही वेसण घालायची तर बंदुका काय कामाच्या? तिथे कामी आली पुस्तकं, पत्रकं आणि वर्तमानपत्रांतले लेख. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी २५० वर्षं पूर्ण होतात. त्या काळचं हे वाङ्मय म्हणजे जाडजूड, धूळ खात पडलेले ग्रंथ असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यात खोटी नावं आहेत, हरवलेली हाडं आहेत, परत न केलेलं लायब्ररीचं पुस्तक आहे आणि दोन शतकं रखडलेली एक घटनादुरुस्तीही आहे. किस्से वाचा आणि जमेल तशी मूळ पुस्तकंही.

लेखकाने मृत्युपत्रात कबूल केलेलं पुस्तक

जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे जन्मजात हक्क आहेत, आणि ते राखण्यासाठीच लोक सरकार नेमतात, असं सांगणारं इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं ‘टू ट्रीटिजेस ऑफ गव्हर्न्मेंट’ १६८९ मध्ये निघालं. मुखपृष्ठावर लेखकाचं नावच नव्हतं. लॉकने हयातभर उघडपणे त्याचं जनकत्व स्वीकारलं नाही. कबुली दिली ती १७०४ मध्ये, मृत्युपत्रात! सरकारने विश्वासघात केला तर ते उलथवायचा लोकांना हक्क आहे, हा त्याचा सिद्धांत होता. असलं लिहिणाऱ्याला त्या काळी जपूनच राहावं लागे.

फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यूची तीच गत. कायदा करणारे, तो राबवणारे आणि न्याय देणारे हात वेगवेगळे हवेत, हे ठासून सांगणारा त्याचा ‘द स्पिरिट ऑफ लॉज’ १७४८ मध्ये जिनिव्हात निनावी छापला गेला. तीनच वर्षांत कॅथलिक चर्चने तो निषिद्ध ग्रंथांच्या यादीत टाकला. चाळीस वर्षांनी अमेरिकेची राज्यघटना याच विचारावर उभी राहिली.

कॉर्सेट शिवणाऱ्याने पेटवलेली ठिणगी

टॉमस पेन मूळचा इंग्लंडातला कॉर्सेट बनवणारा कारागीर. धंदा बसला, सरकारी नोकरी गेली. बेंजामिन फ्रँकलिनचं शिफारसपत्र घेऊन तो १७७४ च्या अखेरीस फिलाडेल्फियात उतरला. पुढे वर्ष-सव्वा वर्षातच, १० जानेवारी १७७६ रोजी, त्याचं ‘कॉमन सेन्स’ बाजारात आलं. पन्नासेक पानांचं पत्रक, किंमत दोन शिलिंग, आणि लेखकाचं नाव इथेही गायब.

पेनचं मोठेपण त्याच्या भाषेत आहे. त्या काळचे विद्वान लॅटिन अवतरणांची पेरणी करत. पेनने दाखले दिले ते घराघरांत वाचल्या जाणाऱ्या बायबलमधले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी ते पत्रक दुसऱ्यांकडून वाचून घेतलं. समाज वेगळा आणि सरकार वेगळं, या मुद्द्यापासून तो सुरुवात करतो आणि बघता बघता राजेशाहीच्या मुळावर येतो. नफ्यातला आपला वाटा त्याने सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊ केला होता.

शेवट मात्र करुण झाला. १८०९ मध्ये पेन न्यूयॉर्कमध्ये वारला, तेव्हा अंत्ययात्रेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं होती. दहा वर्षांनी विल्यम कॉबेट या इंग्रज पत्रकाराने भव्य स्मारक उभारण्याच्या इराद्याने त्याची हाडं उकरून इंग्लंडला नेली. स्मारक झालंच नाही, आणि पुढे ती हाडंही गहाळ झाली.

चार डॉलरच्या चौकटीमागे जाहीरनामा

स्वातंत्र्याचा ठराव मंजूर झाला तो २ जुलै १७७६ रोजी. जॉन ॲडम्सने दुसऱ्याच दिवशी पत्नी ॲबिगेलला लिहिलं, की पुढच्या पिढ्या २ जुलै हा दिवस थाटामाटात साजरा करतील. थाटाबद्दलचा त्याचा अंदाज बरोबर ठरला, तारखेचा तेवढा चुकला. ४ जुलैला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर, आणि बहुतेकांच्या सह्या झाल्या त्या २ ऑगस्टला.

मसुदा लिहिणारा टॉमस जेफरसन तेव्हा ३३ वर्षांचा होता. ४ जुलैच्या रात्री छापखानदार जॉन डनलॅपने त्याच्या सुमारे २०० प्रती छापल्या. आज त्यांतल्या २६ ठाऊक आहेत. एकीची कहाणी तर अफलातून आहे. पेन्सिल्व्हेनियातल्या जुन्या बाजारात एकाने चौकट आवडली म्हणून चार डॉलरला एक चित्र घेतलं. चौकट सोडवली तर चित्राच्या मागे घडी घातलेली डनलॅपची प्रत! १९९१ मध्ये लिलावात तिला २४ लाख डॉलरहून जास्त किंमत आली.

योगायोग असा, की जेफरसन आणि ॲडम्स दोघेही एकाच दिवशी गेले: ४ जुलै १८२६, जाहीरनाम्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी.

अभ्यास आधी, घटना मग

जेम्स मॅडिसन अंगकाठीने किरकोळ, आवाज बारीक. पण अभ्यासात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पॅरिसमध्ये राजदूत असलेला जेफरसन त्याला पेट्या भरून पुस्तकं धाडायचा. ग्रीक संघराज्यांपासून हॉलंडपर्यंतची गणराज्यं कुठे कमी पडली, याची टिपणं मॅडिसनने काढली, आणि त्या तयारीनिशी तो १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेला हजर झाला.

परिषदेला ५५ प्रतिनिधी आले. ऱ्होड आयलंडने कोणाला पाठवलंच नाही. चर्चा गुप्त ठेवायची होती, म्हणून ऐन उन्हाळ्यात दारं-खिडक्या बंद. अखेर १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. सगळी घटना चर्मपत्राच्या चार पानांत मावली. ती सुवाच्य अक्षरात लिहिणारा लेखनिक जेकब शॅलस. त्याचा मेहनताना ३० डॉलर. आत काय घडलं हे जगाला तपशीलवार कळायला मात्र १८४० साल उजाडलं. तोवर मॅडिसन जग सोडून गेला होता, आणि त्याची रोजची टिपणं त्याच्या पश्चात छापली गेली.

तिघांचा मिळून एक ‘पब्लियस’

घटना लिहून झाली, आता राज्यांनी ती मान्य करायला हवी होती. न्यूयॉर्कमध्ये विरोध तगडा. तेव्हा अलेक्झांडर हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने वर्तमानपत्रांत लेखमाला चालवली. एकूण लेख ८५: हॅमिल्टनचे ५१, मॅडिसनचे २९ आणि आजारपणामुळे जेचे फक्त ५. हेच ‘फेडरलिस्ट पेपर्स’.

त्यांतल्या १२ लेखांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन अशा दोघांच्याही बाजूने दावा सांगितला जाई. दीडशे वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या वादाचा निकाल लावला संख्याशास्त्रज्ञांनी. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी लेखांतले अगदी किरकोळ शब्द कोण किती वेळा वापरतो हे मोजलं, आणि १९६४ च्या पुस्तकात कौल दिला: बाराही लेख मॅडिसनचे असण्याची शक्यता फार मोठी.

एकच लेख वाचायचा तर ५१ वा वाचा. राज्यकर्त्यांच्या चांगुलपणावर भिस्त ठेवू नका, सत्तेला सत्तेनेच अडवायची सोय करा, हा त्याचा गाभा आहे. स्वतः सत्तेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने हे लिहिलं, म्हणून मला तो लेख विशेष मोलाचा वाटतो.

हरलेल्यांचा विजय

घटनेच्या विरोधकांना इतिहासाने बराच काळ अडगळीत टाकलं. त्यांच्याशिवाय अमेरिकी स्वातंत्र्याची गोष्ट अर्धीच राहते. ‘ब्रूटस’ या टोपणनावाने १६ लेख लिहिणारा नक्की कोण, यावर आजही अभ्यासकांचं एकमत नाही. ‘कोलंबियन पेट्रियट’ या नावाने १७८८ मध्ये निघालेलं जळजळीत पत्रक तर शतकाहून जास्त काळ एका पुरुष राजकारण्याच्या नावावर जमा होतं. विसाव्या शतकात एक जुनं पत्र हाती लागलं आणि खरी लेखिका कळली: मर्सी ओटिस वॉरन. याच बाईंनी पुढे, १८०५ मध्ये, अमेरिकी क्रांतीचा तीन खंडांचा इतिहास लिहिला.

विरोधकांचा मुख्य आक्षेप एकच होता: नागरिकांच्या हक्कांची सनद कुठे आहे? व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने परिषदेतच ती मागितली, नकार मिळाला, आणि त्याने घटनेवर सही करायला नकार दिला. या हट्टापायी जॉर्ज वॉशिंग्टनशी असलेली त्याची जुनी मैत्री आटली. पण लोकमताचा रेटा इतका वाढला, की आधी सनदेची गरज न वाटणाऱ्या मॅडिसननेच १७८९ मध्ये ती काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, मांडली. भाषण, धर्म, वृत्तपत्र आणि सभा यांचं स्वातंत्र्य अमेरिकनांच्या पदरात पडलं ते या ‘हरलेल्या’ मंडळींमुळे.

‘सी’ श्रेणीच्या निबंधाने बदललेली घटना

काँग्रेसने राज्यांकडे धाडल्या होत्या १२ दुरुस्त्या. १५ डिसेंबर १७९१ पर्यंत मान्यता मिळाली १० ना. म्हणजे जगभर गाजलेली ‘पहिली दुरुस्ती’ मूळ यादीत तिसरी होती! उरलेल्या दोनांतली एक सांगत होती, की लोकप्रतिनिधींनी वेतनात केलेला बदल पुढची निवडणूक झाल्याखेरीज लागू होऊ नये. ती तशीच पडून राहिली.

१९८२ मध्ये टेक्ससमधल्या एका विद्यार्थ्याने निबंध लिहिला, की या दुरुस्तीला मुदतच घातलेली नाही, ती आजही मंजूर होऊ शकते. निबंधाला ‘सी’ श्रेणी मिळाली. पठ्ठ्याने राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रं लिहायचा धडाका लावला. १९९२ मध्ये ती २७ वी दुरुस्ती म्हणून घटनेत दाखल झाली, आणि २०१७ मध्ये त्याची श्रेणीही बदलून ‘ए’ करण्यात आली. सत्तेला वेसण घालायला पद लागतं असं नाही, चिकाटी लागते.

राष्ट्राध्यक्षांनी न परतवलेलं पुस्तक

५ ऑक्टोबर १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावावर न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररीतून एमर द व्हॅटेल यांचं ‘द लॉ ऑफ नेशन्स’ गेलं. आंतरराष्ट्रीय कायद्यावरचा हा ग्रंथ तेव्हाच्या नेत्यांना नित्य लागे. नोंद राहिली, पुस्तक परत आलं नाही. २०१० मध्ये वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या घराची देखभाल करणाऱ्या संस्थेने त्याच आवृत्तीची दुसरी प्रत शोधून लायब्ररीला दिली: तब्बल २२१ वर्षांनी. दंड माफ!

जेफरसनने मात्र पुस्तकं भरभरून दिली. १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने काँग्रेसचं ग्रंथालय जाळलं, तेव्हा त्याचा ६,४८७ खंडांचा संग्रह सरकारने २३,९५० डॉलरला विकत घेतला. त्यात कुराणाचं इंग्रजी भाषांतरही होतं. २००७ मध्ये काँग्रेसचे पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन यांनी त्याच प्रतीवर हात ठेवून शपथ घेतली.

पन्नास सेंटचं पुस्तक आणि पुण्यातली अर्पणपत्रिका

याच जेफरसनने आयुष्यात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्याने गुलामांच्या व्यापाराची निंदा केली होती, तीही काँग्रेसने गाळली. हा डाग झाकून ही पुस्तकं वाचता येत नाहीत, वाचूही नयेत. म्हणून यादीत फ्रेडरिक डग्लस हवेतच. गुलामीत वाढलेल्या या मुलाने बाराव्या वर्षाच्या सुमारास साठवलेल्या ५० सेंटांत ‘कोलंबियन ओरेटर’ हे भाषणांचं पुस्तक घेतलं. गुलामाने युक्तिवादाने मालकाला निरुत्तर करून स्वातंत्र्य मिळवल्याचा संवाद त्यात होता. डग्लस पळून स्वतंत्र झाले, आणि ५ जुलै १८५२ च्या भाषणात त्यांनी अमेरिकेलाच जाब विचारला: हा स्वातंत्र्यदिन गुलामाचा कसा?

हा धागा थेट पुण्यापर्यंत येतो. तरुण जोतीराव फुल्यांनी टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं. १८७३ मध्ये निघालेली ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. तिथे गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. पुढे १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. हॅमिल्टन आणि जॉन जे शिकले ते हेच विद्यापीठ. त्यांच्या काळी त्याचं नाव किंग्ज कॉलेज होतं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी जेफरसनचा आधार घेतला: एका पिढीला पुढच्या पिढ्यांचे हात बांधायचा अधिकार नाही.

कुठून सुरुवात करावी?

आधी जाहीरनामा, मग घटना. दोन्ही मिळून एका निवांत दुपारचं काम. त्यानंतर ‘कॉमन सेन्स’. मग लेख जोडीजोडीने वाचा: मोठ्या देशात प्रजासत्ताक टिकेल का, यावर ब्रूटसचा पहिला लेख आणि ‘फेडरलिस्ट’ क्रमांक १०. हक्कांची सनद हवी का, यावर ब्रूटसचा दुसरा लेख आणि हॅमिल्टनचा ८४ वा. पुढे डग्लस यांचं भाषण, आणि लगोलग ‘गुलामगिरी’. या साऱ्यांवरचे स्वामित्वहक्क कधीच संपलेत, त्यामुळे खर्च फक्त वेळेचा.

जोडीनेच वाचा असं आग्रहाने सांगतो, कारण सरकारच्या अधिकाराला मर्यादा पडली ती कोणा एका थोर पुरुषाच्या कृपेने नाही. दोन्ही बाजूंनी लिहिलं, लोकांनी दोन्ही वाचलं आणि सनद मागून घेतली. एकच बाजू वाचणाऱ्या समाजाला ती मागायचं सुचलंच नसतं.