सतरा वर्षांची एक फिर्याद

१८ जुलै १९८८ची रात्र. चंदीगडमध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या घरी मेजवानी रंगली होती. तिथे पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी सनदी अधिकारी रूपन देओल बजाज यांच्या पार्श्वभागावर चापट मारली, तीही सर्वांदेखत. बजाज यांनी वरिष्ठांचे उंबरे झिजवले, अखेर पोलिसांत तक्रार केली. दहशतवादाशी लढणाऱ्या माणसाची बदनामी कशाला, असाच तेव्हाचा सूर. उच्च न्यायालयाने तर ही बाब किरकोळ ठरवून फिर्यादच रद्द केली. किरकोळ! पुढची सगळी लढाई या एका शब्दाशी होती.

१९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिर्याद पुन्हा उभी केली. १९९६मध्ये गिल भारतीय दंड संहितेच्या ३५४ आणि ५०९ या कलमांखाली दोषी ठरले. कैद टळली, दोन लाखांचा दंड मात्र झाला आणि २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली. १९८९मध्ये, खटला लोंबकळत असतानाच मिळालेली पद्मश्री गिल यांच्याकडेच राहिली. बजाज यांनी भरपाईचा एक रुपयाही घेतला नाही.